डाव्या खांद्यावरची रायफल

ओमानमधल्या सोहारच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करते, तिथे माझं काम मोजण्याची साधनं तपासण्याचं आहे. मशीनवरची माणसं ज्या व्हर्नियरने किंवा गेजने धातूचे तुकडे मोजतात, ती साधनं ठरावीक काळाने आमच्या लॅबमध्ये येतात आणि ती खरं बोलतात की नाही हे आम्ही सांगतो. एका सकाळी मी भिंगाखाली स्टीलची पट्टी धरली, तर तिची कड मधोमध वाकलेली दिसली. मी ती बाजूला ठेवून दुसरी घेतली. तीही वाकलेली. मग भिंग बदललं. शेवटी उजवा डोळा मिटून डाव्याने पाहिलं, तेव्हा दोन्ही पट्ट्या सरळ होत्या.

बिघाड पट्टीत नव्हता, माझ्यात होता.

मस्कतच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की उजव्या डोळ्याच्या पडद्याला अगदी मधोमध छिद्र पडलंय. मी काही केलं म्हणून नव्हे. या वयात काही जणांना होतं, तसं मला झालं होतं. ऑपरेशन करून छिद्र मिटवता येईल, पण नजर पहिल्यासारखी होईलच असं नाही. मी विचारलं, "आणि डावा?" डॉक्टर म्हणाले, "डाव्यालाही होण्याची थोडी शक्यता असते. नियमित तपासत राहू." मी सरळ विचारलं, त्यांनी सरळ सांगितलं. ते मला बरं वाटलं.

गाडीत बसल्यावर नवऱ्याने एसी लावला. मग म्हणाला, "नेमबाजीचं काय?" मीही त्याचाच विचार करत होते.

पुण्याला कॉलेजात असताना मी एनसीसीत होते आणि तिथे रायफल चालवली होती. बरी चालवत होते. नंतर लग्न, नोकरी, ओमान, मुलं, यात ते सुटलं. मुलं शिकायला भारतात गेली आणि संध्याकाळी घर फारच शांत वाटायला लागलं, तेव्हा ऑफिसातल्या एका बाईने सांगितलं की गावाबाहेरच्या क्लबात दहा मीटरची रेंज आहे आणि गुरुवारी बायकांसाठी वेगळी वेळ असते. एअर रायफल. बार नाही, धक्का नाही, हवेच्या दाबाने शिशाचा छोटासा छर्रा सुटतो. रायफली क्लबच्या, कुलपात राहतात, आपण जाऊन चालवायच्या आणि परत करायच्या. मी गेले ती जातच राहिले. आदल्या वर्षी मस्कतला सगळ्या क्लबांचे सामने झाले, त्यात मी फायनलपर्यंत पोचले होते. पंचेचाळिशी ओलांडलेली, चष्मा लावणारी, आजूबाजूच्या मुलींपेक्षा वीस वर्षांनी मोठी बाई. माझ्या दृष्टीने ती फार मोठी गोष्ट होती. आणि ती सगळी उजव्या डोळ्याने केलेली होती.

ऑपरेशन झालं. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात आणि तो पडद्याला दाबून राहावा म्हणून काही दिवस मान खाली घालून राहायचं. बसायचं तेही खाली बघत, झोपायचं तेही पालथं. नवऱ्याने दोन स्टुलांवर उशा बांधून एक मचाण तयार केलं होतं. मी त्यात तोंड खुपसून पडायची आणि तो खाली फरशीवर ताट ठेवायचा, चहात स्ट्रॉ घालून द्यायचा. बुडबुडा असेपर्यंत विमानात बसायचं नाही, म्हणून दिवाळीला पुण्याला जाणंही रद्द झालं. मुलं फोनवर इंग्रजीत धीर द्यायची आणि मी फरशीकडे बघत "हो रे" म्हणायची.

त्या दिवसांत आमची कोच भेटायला आली. ती ओमानी, पोलिसातून निवृत्त झालेली, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. इंग्रजी बोलते, मध्ये अरबी घालते, आणि वैतागली की पोलिसात असताना हिंदी माणसांकडून उचललेली हिंदी. खजूर आणि हलव्याचा डबा घेऊन आली. मी मान वर करू शकत नाही हे कळल्यावर तिने अबाया सावरला आणि सरळ माझ्या मचाणाखाली फरशीवर पाठ टेकून आडवी झाली. आता तिचं तोंड माझ्या तोंडासमोर होतं.

"डावा डोळा कसा आहे?" तिने विचारलं.

"चांगला आहे."

"खलास, झालं तर. मग रायफल डाव्या खांद्यावर घेऊ."

"मी उजव्या हाताची आहे."

"होतीस," ती म्हणाली. "सोपं जाणार नाही. पण तू तशीही सोपं काम करणारी बाई नाहीस."

मी हसले, आणि पालथं पडून हसताना डोळ्यातलं पाणी थेट खाली पडतं हे कळलं. तिने ते डोक्यावरच्या ओढणीच्या टोकाने पुसलं आणि उठून नवऱ्याशी क्रिकेटबद्दल बोलत बसली.

छिद्र मिटलं. पण उजव्या डोळ्याला सरळ रेघ अजूनही वाकडीच दिसते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी रेंजवर गेले. कोचने रायफलचा गालाचा टेकू फिरवून डाव्या बाजूचा केला होता, नेमाची भिंगं नीट बसवली होती. मी रायफल डाव्या खांद्याला लावली, आणि आपलं शरीर कुणा दुसऱ्याचं आहे असं वाटलं. उभं कसं राहायचं, कोपर बरगडीवर कुठे टेकवायचं, श्वास कधी सोडायचा, हे सगळं उजवीकडे आपोआप व्हायचं. आता प्रत्येक गोष्ट मनात म्हणून करावी लागत होती. चापावरचं डावं बोट तर नुसतं लाकूड होतं.

मी घरातली कामंही डाव्या हाताने करायला लागले. दात घासणं, पोहे परतणं, कुलूप उघडणं. भाजी कढईबाहेर सांडायची. एकदा डाव्या हाताने देवाला फुलं वाहायला गेले, तेव्हा नवरा म्हणाला, "निदान देवापुढे तरी उजवा हात ठेव गं."

"देवाला माहीत आहे काय चाललंय ते," मी म्हटलं, पण हात बदलला.

काही महिने गेले. उभं राहणं जमलं, बोट जागं झालं. पण छर्रे लागायचे ते भलतीकडेच. नेमबाजीत एक सवय लावतात: छर्रा सुटला की शेजारच्या मॉनिटरच्या पडद्यावर बघायच्या आधी तो कुठे लागला असेल ते स्वतःशी बोलायचं. 'किंचित उजवीकडे', 'मध्यावर', 'खाली गेला'. सुटण्याच्या क्षणी नळी कुठे होती हे नेमबाजाला जाणवतं. उजव्या खांद्यावर असताना माझा अंदाज सहसा चुकत नसे. आता मी 'मध्यावर' म्हणायची आणि छर्रा वर डावीकडे लागलेला असायचा. 'खराब' म्हणायची आणि तो नेमका मध्यावर जायचा.

"अजून जाणीव आली नाही," कोच म्हणाली. "येईल."

"किंवा छर्ऱ्यांत काही गडबड असेल."

ती जोरात हसली. "ज्याचा नेम चुकतो त्याला आधी छर्ऱ्यातच खोट दिसते. माझ्यासकट सगळ्यांना."

खोट छर्ऱ्यातच आहे असं माझं म्हणणं नव्हतंच. माझं म्हणणं वेगळं होतं. आमच्या लॅबमध्ये एखादा भाग मापात बसला नाही, तर आधी आम्ही गेज तपासतो. गेजवर विश्वास नसेल तर भागाला नावं ठेवून काय उपयोग? इथे माझं शरीर नवीन होतं, डोळा नवीन होता आणि छर्रेही कसे होते ते ठाऊक नव्हतं. तिघांपैकी चूक कुणाची हे कळेना, म्हणून मी काहीच सुधारू शकत नव्हते. बाकी दोन गोष्टी माझ्या हातात लगेच येणाऱ्या नव्हत्या. छर्रे होते.

मस्कतच्या रुवी भागातल्या एका सोनाराच्या ओळखीने मी हिरे तोलायचा छोटा काटा विकत घेतला, जो मिलिग्रॅमही दाखवतो. क्लबाच्या आतल्या खोलीत टेबलावर मांडला. पहिल्याच दिवशी कळलं की एसी चालू असताना काटा स्थिर होत नाही, आकडे नाचत राहतात. म्हणून एसी बंद. मे महिन्यात, ओमानमध्ये. मिठाईचा पारदर्शक डबा काट्यावर उलटा घालून, कपाळाचा घाम बाहीला पुसत मी एकेक छर्रा चिमट्याने उचलून तोलत बसले. आधी भिंगातून बघायचा, कड चेपलेली असेल तर बाजूला. मग तोल. वजनाप्रमाणे वेगवेगळे ठेवायला मी एक मिसळणाचा डबा आणला होता, सात वाट्यांचा. मोहरी-हळदीच्या जागी छर्रे.

तो डबा पाहून नवऱ्याने एकच अट घातली. "शिसं आहे ते. तो डबा या घराच्या स्वयंपाकघरात कधीही येता कामा नये." मी ती पाळली. हातही दर वेळी साबणाने धुतले.

एका गुरुवारी कोच त्या भट्टीसारख्या खोलीत आली आणि दारातच थांबली. काट्याकडे बघत राहिली. मग समोर खुर्ची ओढून बसली.

"माझ्या बापाकडे असाच होता," ती म्हणाली. "सोनाराचाच. पण दोन पारड्यांचा."

तिचं माहेर डोंगरातलं. तेव्हा तिथे शिकार चालायची, आता बंदी आहे. तिच्या वडिलांची शिकारीची जुनी रायफल होती आणि काडतुसं ते स्वतः भरायचे. वापरलेली पितळेची नळकांडी जपून ठेवायचे, एका घाण्याची, म्हणजे एकाच वेळी बनलेली, एका पिशवीत, दुसऱ्या घाण्याची दुसऱ्या. दारू त्या काट्यावर तोलायचे, आणि तेव्हा घरात कुणी दार उघडायचं नाही, कारण वाऱ्याने पारडं हलायचं. आसपासच्या वाड्यांतले लोक म्हणायचे की बाजारातली काडतुसं मिळतात तर एवढा खटाटोप कशाला? तर ते म्हणायचे, डोंगरावर दिवसभर चढायचं आणि एकच गोळी झाडायची संधी मिळते. ती गोळी तिच्या बहिणींसारखी असली पाहिजे. आदली जिथे गेली तिथेच ती गेली पाहिजे.

"आणि नाही गेली तर?" मी विचारलं.

"तर ते एक गोष्ट बदलायचे. फक्त एक. दारू बदलली तर गोळी तीच. गोळी बदलली तर दारू तीच. मग पुन्हा झाडून बघायचे. आई चिडायची, की एवढ्या वेळात माणसं शेत नांगरतात."

"आमच्या लॅबमध्येही हाच नियम आहे," मी म्हटलं.

"मग तू हे नियमाने करत्येस का?"

मी विचार केला. करत नव्हते. वजन केलेले छर्रे मी स्वतःच झाडत होते. म्हणजे छर्रा बदलत होता आणि झाडणारीही दर वेळी थोडी बदलत होती. यात काय कळणार होतं?

"रायफल शिकंज्यात धरायला हवी," मी म्हटलं. "मी मधून बाजूला व्हायला हवं."

कोचने आधी काट्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. रायफल क्लबची, महागाची. शेवटी म्हणाली, "ओरखडा आला तर अर्बाबला, क्लबच्या मालकाला, उत्तर तू द्यायचं."

आमच्या कारखान्यात मी रजा टाकली आणि वर्कशॉपमधल्या मित्राकडून एक शिकंजा मागून आणला. जबड्यांना जाड चामडं लावलं, टेबल भिंतीला बोल्टने आवळलं. रायफल त्यात अशी बसली की मी नुसती चापावर बोट ठेवायची, बाकी तिला मानवी हाताचा स्पर्श नाही. समोर साधे कागद लावले. आधी निवडलेले, एकाच वजनाचे छर्रे. मग क्लबच्या वाटीतून आले तसे, न निवडलेले.

दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि माझा चेहरा पडला. फरक नव्हताच म्हटलं तरी चालेल. एवढे आठवडे एसी बंद करून, डोळे फोडून केलेल्या निवडीने जवळजवळ काहीच साधलं नव्हतं. दोन्हीकडची भोकं सारखीच पसरलेली.

"यल्ला, चल, घरी जा," कोच म्हणाली. आवाज मऊ होता.

"नाही," मी म्हटलं. "वजन नाही, एवढं तरी कळलं. दुसरी गोष्ट कोणती?"

मी छर्ऱ्यांचे डबे उलटे करून बघायला लागले. प्रत्येकाच्या बुडाला घाण्याचा क्रमांक छापलेला असतो, आमच्याकडच्या धातूच्या तुकड्यांवर असतो तसाच. क्लबात एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे डबे होते, पण क्रमांक दोन होते. आणि आम्ही काय करायचो? डबे फोडून प्रत्येक नेमबाजाच्या टेबलावरच्या स्टीलच्या वाटीत छर्रे ओतायचो. दोन घाणे एकत्र. मी तोललेलेही त्याच वाटीतले होते. वजन सारखं असलं तरी साच्यातून निघताना छर्ऱ्याच्या डोक्याचा घेर केसभर वेगळा असू शकतो, आणि नळीला तो केसही कळतो.

दोन्ही क्रमांकांचे न फोडलेले डबे शोधून काढले. पहिल्या क्रमांकाचे झाडले. भोकं तशीच पसरली. दुसऱ्या क्रमांकाचे झाडले. एकावर एक, एकावर एक. कागद जवळ आणून बघितला तर इतके छर्रे जाऊनही भोक एकच होतं, एका छर्ऱ्याहून थोडंसंच मोठं. मी नव्या कागदावर पुन्हा झाडले. पुन्हा तेच.

कोचने तो कागद खिडकीशी धरला. भोकातून उन्हाचा एक ठिपका तिच्या गालावर पडला. ती अरबीत काहीतरी पुटपुटली. मग मला म्हणाली, "माझा बाप आज हवा होता."

पुढच्या गुरुवारी मी दुसऱ्या क्रमांकाचे छर्रे घेऊन डाव्या खांद्यावर रायफल लावली. मला वाटत होतं की आता सगळं जुळेल. जुळलं नाही. छर्रे पसरतच होते, आधीपेक्षा थोडे कमी, पण पसरत होते. मात्र आता मी 'खाली गेला' म्हटलं की तो खालीच गेलेला असायचा. 'उजवीकडे' म्हटलं की उजवीकडे. जो चुकला तो मी चुकवला होता आणि कसा चुकवला हेही मला माहीत होतं. त्या संध्याकाळी माझे गुण वाईट होते आणि मी गाडी चालवत घरी येताना गात होते.

यानंतर मात्र खऱ्या कामाला सुरुवात झाली. श्वास सोडताना डावा खांदा सैल पडतो, म्हणून छर्रा खाली. चाप ओढताना अंगठाही आवळला जातो, म्हणून उजवीकडे. एकेक चूक दिसायला लागली आणि एकेक दुरुस्त करता आली. एका वेळी एकच.

अडचण एवढीच की चांगल्या घाण्याचे डबे थोडेच उरले होते, आणि दुकानदाराकडे तो क्रमांक संपला होता. परदेशातून मागवायचे तरी तोच घाणा मिळेल याची खात्री नव्हती. सामने जवळ आले होते. मी म्हटलं, हे सामन्यांसाठी ठेवू, सराव दुसऱ्यांवर करू.

कोचने मान हलवली. "दुसऱ्यांवर सराव केलास तर चूक कुणाची ते पुन्हा कळेनासं होईल. शिकायचं असेल तर चांगले वापर. सामन्याला जेवढे उरतील तेवढे उरतील."

आमच्या आईच्या घरी चांगल्या चादरी कपाटात पाहुण्यांसाठी असायच्या आणि आम्ही विटलेल्यांवर झोपायचो. हे माझ्या हाडात आहे. पण तिचं पटलं. मी चांगले छर्रे सरावाला वापरले, दर आठवड्याला, डबा हलका होत चाललेला बघत. मस्कतला निघाले तेव्हा सामन्यापुरते आणि वर मूठभर, एवढेच राहिले होते.

आदल्या दिवशी आम्ही दार्सैतला नवऱ्याच्या मित्राकडे उतरलो. सकाळी मी पोटभर उपमा खाल्ला, जे मला सामन्याआधी कधी जमत नाही.

पहिले वीस छर्रे बरे गेले. मग मधल्या टप्प्यात हात जड झाला. लागोपाठ तीन खराब. रेंजवर शांतता असते, पण मला स्वतःचा श्वास मोठ्याने ऐकू यायला लागला. जुनी मी असते तर घाई करून भरून काढायला गेले असते. मी रायफल खाली ठेवली. बूट सैल करून पुन्हा बांधले. घोटभर पाणी प्यायले. खराब तिन्ही छर्रे मला कळले होते: खांदा. फक्त खांदा. मी तो एकच सुधारला आणि पुन्हा उभी राहिले. शेवटचे दहा माझ्या डाव्या बाजूचे आजवरचे सर्वांत चांगले होते.

बेरीज उजव्या डोळ्याच्या दिवसांपेक्षा कमीच झाली. पण मी सहावी आले, आणि फायनलला आठ जणी जातात.

फायनलमध्ये माझ्या एका बाजूला विशीतली मुलगी होती आणि दुसऱ्या बाजूलाही. सगळ्यांत कमी गुण असलेली एकेक जण बाहेर पडत जाते. एक बाहेर पडली, मी नाही. मग माझा एक छर्रा सुटला आणि पडद्याकडे बघायच्या आधीच मला कळलं की संपलं. उजवीकडे, अंगठा. तसंच होतं. मी रायफल उघडून ठेवली आणि मागे वळले. कोच खुर्चीत पुढे वाकून बसली होती.

"अंगठा," मी म्हटलं.

"दिसला," ती म्हणाली. "शेवटी शेवटी तू दमतेस. वर्षभर धावायला लाग. समुद्रावर, सकाळी."

नवऱ्याने सातव्या क्रमांकाचं प्रमाणपत्र गाडीत मागच्या सीटवर सपाट ठेवलं, चुरगळू नये म्हणून वर टॉवेल घातला, आणि वाटेत खाबुऱ्याला थांबून बाजारातून आंबे घेतले.

आता क्लब छर्रे विकत घेताना आधी निरनिराळ्या घाण्यांचा एकेक डबा मागवतो. मी प्रत्येक रायफल शिकंज्यात धरून कोणता घाणा कुणाला मानवतो ते बघते. एका मुलीच्या रायफलला नेमका तो पहिला, माझ्या नळीने नाकारलेला घाणा मानवला. ती खूप हसली. डाव्या डोळ्याची तपासणी वर्षातून दोनदा होते. डॉक्टर बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, प्रकाश टाकून पाहतात आणि म्हणतात, "ठीक आहे, पुढच्या वेळी बघू." आजवर ठीक निघाला आहे. उद्याचं मला माहीत नाही. सकाळी साडेपाचला उठून मी सोहारच्या किनाऱ्यावर धावते. ऊन वर यायच्या आत परत यावं लागतं, नाहीतर वाळू पाय भाजून काढते.